प्लॅन २०० चा, बेडरूममध्ये २८: घरचं नेट नेमकं कुठे अडतं?

तक्रार साधारण अशी असते. प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे, हॉलमध्ये बरं चालतं, आतल्या खोलीत व्हिडिओ कॉल अडकतो आणि रात्री नऊनंतर टीव्हीवर गोल फिरत राहतं. कस्टमर केअरला फोन केला की राउटर बंद करून चालू करायला सांगतात. दोन दिवस ठीक जातात, मग पुन्हा तेच. नाशकात इंदिरानगर घ्या, पाथर्डी फाटा घ्या, गंगापूर रोड किंवा नाशिकरोड घ्या, कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय अधूनमधून निघतोच. त्याखालची उत्तरंही ठरलेली: कंपनी बदला, प्लॅन वाढवा, भारीतला राउटर आणा. तिन्ही सल्ले खिशाला चाट लावणारे आहेत आणि ते देणाऱ्यांपैकी क्वचितच कुणी वायर लावून स्पीड मोजलेला असतो.

मला या सगळ्यात एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. वायरवरचा आकडा हातात नसेल तर वायफायवरच्या आकड्यावरून काहीही ठरवता येत नाही. मोबाइलवर २८ दिसले, म्हणजे कंपनी २८ देतेय की २०० देतेय आणि वाटेत १७२ गळतायत, हे त्या एका आकड्यावरून कळायला मार्ग नाही. आणि तक्रार निवारणाला येणारा मुलगा तर उलटं करतो. तो मोबाइल राउटरच्या अगदी शेजारी धरतो, टेस्ट मारतो आणि म्हणतो, "बघा काका, येतोय ना स्पीड?" काका मान हलवतात, तक्रार बंद होते, आतली खोली होती तशीच राहते. त्या मुलाचाही दोष नाही. त्याला दिवसाला कितीतरी घरं करायची असतात आणि त्याचं काम डब्यापर्यंत नेट पोहोचवण्याचं असतं. डब्यापासून पुढचं आपल्यालाच बघावं लागतं.

तुमच्यापर्यंत नेट तीन टप्प्यांत येतं. कंपनीच्या यंत्रणेपासून घरातल्या फायबरच्या डब्यापर्यंत, म्हणजे ओएनटीपर्यंत, हा पहिला. डब्याच्या पोर्टमधून लॅन केबलने लॅपटॉपपर्यंत किंवा वेगळ्या राउटरपर्यंत हा दुसरा. राउटरपासून हवेतून मोबाइलपर्यंत हा तिसरा. प्रत्येक टप्पा वेगळा मोजता येतो, आणि तसा मोजला की अडचण कुठल्या टप्प्यात आहे ते बहुतेक वेळा एका संध्याकाळीच कळतं.

एककाचा घोळ आधी मिटवून टाकू. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो आणि कॉम्प्युटर फाइल उतरवताना बऱ्याचदा मेगाबाइटमध्ये दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० एमबीपीएसच्या लाइनवर डाउनलोडच्या खिडकीत सेकंदाला साडेबारा मेगाबाइट दिसले तर ते पूर्ण शंभर आहेत. "शंभरचा प्लॅन आणि बाराच येतात" ही तक्रार इथेच संपते.

वायरची टेस्ट

लॅपटॉप आणि लॅन केबल घ्या. नव्या पातळ लॅपटॉपना लॅनचं पोर्ट नसतं, मग यूएसबी अडॅप्टर लागतो. तो घेताना गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा, आणि यूएसबी ३ चा घ्या. यूएसबी २ वर चालणारे बरेच स्वस्त अडॅप्टर १०० च्या पुढे जातच नाहीत, आणि मग आपण कंपनीचा नाही तर त्या अडॅप्टरचा स्पीड मोजत बसतो. लॅपटॉपचं वायफाय बंद करा. हे विसरलं की केबल लावूनही टेस्ट हवेतून होण्याची शक्यता राहते. घरातल्या बाकीच्यांना पाच मिनिटं मोबाइल वायफायवरून काढायला सांगा, टीव्ही बंद करा, व्हीपीएन बंद करा, फोटोंचा बॅकअप थांबवा. क्लाउडवर चित्रण पाठवणारा सीसीटीव्ही कॅमेरा असेल तर तोही आठवणीने बंद करा, कारण तो दिवसरात्र अपलोड खात असतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

केबल लावल्यावर स्पीड टेस्टच्या आधी लिंक स्पीड बघा. विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये इथरनेट उघडलं की तो दिसतो: १०००/१००० किंवा १००/१००. हा इंटरनेटचा स्पीड नाही, लॅपटॉप आणि डबा यांच्यात ठरलेला कमाल वेग आहे. इथे १०० दिसत असेल तर प्लॅन ३०० चा असो नाहीतर ५०० चा, तुम्हाला ९४-९५ च्या वर काही दिसणार नाही.

टेस्ट तीनदा घ्या आणि मधला आकडा लिहा. सर्व्हर मुद्दाम बदलून बघा. ऊकलाची टेस्ट, म्हणजे स्पीडटेस्ट हे ॲप, आपणहून जवळचा सर्व्हर निवडते आणि नाशिकमध्ये तो पुष्कळदा तुमच्याच कंपनीचा असतो. त्यावरचा आकडा म्हणजे तुमच्या घरापासून कंपनीच्या दारापर्यंतचा स्पीड. तोही हवाच, पण दुसरी टेस्ट मुंबईतला दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर निवडून घ्या. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद, दोन्हीकडे एक आकडी किंवा दहाच्या जरा पुढे असायला हवा. नाशिक-मुंबई अंतरासाठी फायबरमधल्या प्रकाशाला जाऊन-येऊन दोन मिलिसेकंदही लागत नाहीत, बाकी वेळ यंत्रांचा. मुंबईचा पिंग ५०-६० दिसत असेल तर तुमचा ट्रॅफिक कुठेतरी लांबून वळसा घालून येतोय. सिंगापूरच्या सर्व्हरला ६० च्या आसपास पिंग येणं मात्र स्वाभाविक आहे, त्यावर तक्रार करून उपयोग नाही.

फास्ट डॉट कॉम ही नेटफ्लिक्सची टेस्ट आहे आणि ती नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजते. क्लाउडफ्लेअरची टेस्ट त्यांच्या सर्व्हरवरून मोजते. म्हणून एकीवर १९० आणि दुसरीवर ९० आले तर कुठलीही खोटी नसते, वाट वेगळी असते. ऊकलामध्ये मल्टी आणि सिंगल असे दोन पर्याय असतात. मल्टीत एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून लाइन पूर्ण भरली जाते, सिंगलमध्ये एकच जोडणी वापरली जाते. एकच मोठी फाइल उतरवताना सिंगलचा आकडा अनुभवाच्या जास्त जवळ असतो. कंपनीशी बोलताना मल्टीचा वापरा.

तो ९४ चा आकडा

वायरवर ९४ किंवा ९५ आणि त्यावर काही केल्या हलत नाही, ही सगळ्यात जास्त सापडणारी आणि सगळ्यात कमी ओळखली जाणारी खूण आहे. प्रत्येक पाकिटावर पत्ता आणि वेष्टनाचे बाइट चढतात, म्हणून १०० च्या लिंकवर हाती पडतात ते सुमारे ९४ ते ९५. तसेच १००० च्या लिंकवर ९४० च्या आसपास. तेव्हा ९४ दिसले की फायबर तपासायची गरज नाही, वाटेत कुठेतरी १०० चा सांधा आहे.

तो सांधा कुठे असू शकतो? एक तर डब्याचं पोर्टच. कंपन्या जे फायबरचे डबे देतात त्यांतल्या अनेकांत एकच पोर्ट गिगाबिटचं असतं आणि बाकीची १०० ची. पोर्टखाली जीई (गिगाबिट) आणि एफई (१००) अशी अक्षरं कोरलेली असतात, पण डबा भिंतीवर उंच लावलेला असल्यामुळे ती कुणी वाचत नाही. केबल काढून जीईच्या पोर्टमध्ये घातली की कित्येकदा काम तिथेच संपतं, शून्य रुपयांत.

पोर्ट बरोबर असेल तर केबल. लॅन केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात, पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी तुटली, ढिली झाली, तर केबल बंद पडत नाही, तक्रार येत नाही, लिंक गुपचूप १०० वर उतरते आणि वर्षानुवर्षं तशीच चालते.

सिडकोतल्या एका रो-हाउसमध्ये हे अगदी डोळ्यांसमोर दिसलं होतं. खालच्या मजल्यावरचा डबा, जिन्यातून वर गेलेली केबल, वरच्या राउटरवर कायम ९४. वरच्या टोकाचा प्लग खिडकीच्या उजेडात धरला. प्लग पारदर्शक असतो, त्यामुळे आत नीट दिसतं. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, या सहा तारा प्लगच्या टोकाला टेकलेल्या. शेवटच्या दोन, पांढरी-तपकिरी आणि तपकिरी, दाण्याएवढ्या आखूड. सोनेरी पिना खाली दाबल्या होत्या, पण त्यांच्याखाली तारच नव्हती. वहिनी म्हणाल्या, "बसवल्यापासून असंच आहे, आम्हाला वाटलं वर कमीच येतं." प्लग कापून नवा क्रिम्प केला, लिंक १००० झाली आणि प्लॅनचा सगळा स्पीड वर पोहोचला.

केबल जुनी असेल किंवा स्वस्तातली असेल तर आणखी एक बघा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारांची केबल तांब्याच्या भावाच्या निम्म्याने मिळते आणि ठेकेदार तीच ओढतात. टोकाची तार पात्याने खरवडली आणि आत पांढरी चमक दिसली तर ते ॲल्युमिनियम. ती दोनचारदा वाकवली की तुटते, प्लगमध्ये पकड सैल होते. नवीन घरात वायरिंग चालू असेल तर इलेक्ट्रिशियनला स्पष्ट सांगा की शुद्ध तांब्याची कॅट-५ई किंवा कॅट-६ हवी. कॅट-५ई शंभर मीटरपर्यंत गिगाबिट नेते, म्हणजे घरासाठी भरपूर. कॅट-७ वगैरेच्या नादाला लागू नका.

काही जुन्या इमारतींत अजून फायबर घरात आलेलं नाही. गच्चीवर किंवा जिन्यात स्विच असतो आणि तिथून लॅन वायर डक्टमधून खाली येते. तिथे तो स्विचच १०० चा असण्याची शक्यता मोठी, आणि उन्हापावसात पडलेल्या केबलचं आवरण फाटून पाणी शिरतं ते वेगळंच. अशा ठिकाणी घरात काहीही बदलून फरक पडत नाही. केबलवाल्याकडे घरापर्यंत फायबर मागा.

स्मार्ट टीव्हीबद्दल जाता जाता. बहुतेक टीव्हींचं लॅन पोर्ट आजही १०० चंच असतं. त्यामुळे टीव्हीवर वायरने ९४ आणि ५ गिगाहर्ट्झ वायफायने १८० असं उलटं चित्र दिसू शकतं. बिघाड नाही. फोरके चित्रपटाला साधारण २५ एमबीपीएस पुरतात, त्यामुळे टीव्ही वायरवर असणंच बरं. त्याने हवा मोकळी राहते.

वायरवर पूर्ण, हवेत गळती

समजा वायरवर १९० मिळाले. म्हणजे कंपनी निर्दोष आहे, निदान त्या वेळेला. आता वायफाय.

पहिली टेस्ट राउटरच्या खोलीत, दोन-तीन मीटरवरून. दुसरी आतल्या खोलीतून, जिथे खरंच बसता तिथून. प्रत्येक वेळी कुठल्या बँडवर, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर की ५ वर, आहात ते बघा. अँड्रॉइडमध्ये जोडलेल्या वायफायच्या तपशिलात फ्रीक्वेन्सी आणि लिंक स्पीड दिसतो. राउटरने दोन्ही बँडना एकच नाव दिलेलं असेल तर मोबाइल कधी कुठल्या बँडवर जाईल सांगता येत नाही, म्हणून टेस्टपुरती दोन नावं वेगळी करा. हे एवढं केल्याशिवाय घेतलेले आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

२.४ गिगाहर्ट्झवर एका अँटेनाच्या जुन्या मोबाइलला कमाल लिंक ७२ ची मिळते, दोन अँटेनाच्या मोबाइलला १४४ ची. हाती पडतं ते साधारण निम्मं, कारण हवेत एका वेळी एकच जण बोलू शकतो आणि बाकीचा वेळ वाट बघण्यात, पोच देण्यात जातो. त्यातून शेजारच्या पंधरा राउटरांची गर्दी वजा केली की तो सुरुवातीचा २८ चा आकडा अगदी बरोबर बसतो. ५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झच्या रुंदीत जुन्या एका अँटेनाच्या मोबाइललाही ४३३ ची लिंक मिळते, दोन अँटेनाच्या मोबाइलला ८६७ ची, आणि वायफाय-६ वर १२०१ ची. म्हणजे जवळच्या खोलीत २०० चा प्लॅन ५ गिगाहर्ट्झवर आरामात पूर्ण मिळायला हवा. तो तिथेही मिळत नसेल तर राउटरमध्ये खोट आहे किंवा सेटिंगमध्ये चॅनेलची रुंदी २० वर अडकलेली आहे.

राउटरच जर फक्त २.४ चा असेल, आणि केबलवाल्यांनी फुकट दिलेल्या कितीतरी डब्यांत आजही तसंच आहे, तर २०० चा प्लॅन घेणं म्हणजे वाया. शंभरचा ठेवा आणि वाचलेल्या पैशांत दोन्ही बँडचा राउटर घ्या.

इंटरनेट पूर्ण बाजूला ठेवून निव्वळ वायफाय मोजायचं असेल तर आयपर्फ-३ वापरा. फुकट आहे. एक लॅपटॉप केबलने राउटरला जोडून त्यावर तो सर्व्हर म्हणून चालवायचा, दुसरा लॅपटॉप किंवा मोबाइल वायफायवर ठेवून त्याच्याकडून टेस्ट घ्यायची. एकदा सरळ, एकदा उलट दिशेचा पर्याय देऊन, म्हणजे पाठवणं आणि घेणं दोन्ही कळतं. ही टेस्ट कंपनीची लाइन तुटलेली असतानाही होते, आणि म्हणूनच मला ती सगळ्यात प्रामाणिक वाटते. बेडरूममधून आयपर्फवर ३० आले तर तो आकडा घराच्या भिंतींचा आहे, कुठल्याही कंपनीचा नाही.

भिंतींचंही बोलायला हवं, कारण नाशिकमध्ये घरांचे प्रकार फार वेगळे आहेत. नव्या फ्लॅटमधली चार इंची वीटभिंत ५ गिगाहर्ट्झ सिग्नल सोसून पार करतो. दोन भिंती आणि मध्ये टाइल्स लावलेलं बाथरूम आलं की दमतो. पंचवटीत किंवा जुन्या नाशकात वाड्यांच्या भिंती दीड-दोन फुटांच्या, वीट-मातीच्या नाहीतर दगडी, तिथे ५ गिगाहर्ट्झ शेजारच्या खोलीतही धड पोहोचत नाही. अशा घरात चार अँटेनांचा महागडा राउटर आणून काही होत नाही. प्रत्येक मजल्यावर एक साधा ॲक्सेस पॉइंट (वायरने नेट घेऊन वायफाय देणारा डबा) आणि त्याला वायर, हाच उपाय. वाड्याला एक सोय असते. चौकातून किंवा तुळईच्या कडेने वायर न दिसता नेता येते. फक्त ती पीव्हीसी पाइपातून न्या, उंदीर आवरण कुरतडतात.

सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते आणि ती उणे असते, शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या खाली गेलं की तुटतुट सुरू. वायफाय ॲनलायझरसारखं ॲप उघडून घरभर एक फेरी मारा. कुठल्या दारातून आत गेल्यावर आकडा एकदम दहाने पडतो ते दिसेल, आणि तिथे बघितलं तर हमखास बीम, लोखंडी कपाट किंवा मोठा आरसा सापडेल. डबा टीव्हीच्या मागे किंवा शूरॅकच्या वर असेल तर तो घराच्या मध्यावर आणणं हा पहिला उपाय. पॅसेजच्या तोंडाशी, माणसाच्या उंचीवर ठेवला तर बहुतेक दोन बेडरूमच्या फ्लॅटना एकच राउटर पुरतो.

चॅनेलचं थोडक्यात: २.४ वर १, ६ किंवा ११ यांपैकीच एक निवडा आणि रुंदी २० ठेवा. ३ किंवा ४ मोकळा दिसला म्हणून तिथे बसलात तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी भांडण होतं. मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात, २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो, दूध गरम करताना कॉल तुटत असेल तर कारण तेच. ५ वर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ हे चॅनेल सोपे. मधल्या चॅनेलवर रडारला प्राधान्य असतं, तिथे राउटर सुरू होताना मिनिटभर कानोसा घेतो आणि रडारची चाहूल लागली की चॅनेल सोडतो. नेट मध्येच सगळ्यांचं एकदम जाऊन लगेच परत येत असेल तर हे तपासा.

रिपीटरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. एकाच बँडवर ऐकणारा आणि त्याच बँडवर पुढे बोलणारा स्वस्त रिपीटर स्पीड निम्मा करतो, आणि लोक तो हमखास आतल्या खोलीत लावतात, जिथे त्याला स्वतःलाच सिग्नल नसतो. लावायचाच तर अर्ध्या वाटेवर लावा. वायर ओढणं शक्य असेल तर मात्र लावूच नका.

रात्रीचं दुखणं

रोज रात्री नऊ ते अकरा स्पीड पडतो, याची दोन पूर्ण वेगळी कारणं असू शकतात आणि वायफायवर दोन्ही सारखीच दिसतात. वायरची किंमत इथेच कळते.

सकाळी सहाला वायरवर आणि वायफायवर टेस्ट घ्या. त्याच जागेवरून, त्याच सर्व्हरवर रात्री साडेनऊला पुन्हा घ्या. असं आठवडाभर वहीत लिहा: वेळ, वायर की वायफाय, बँड, डाउनलोड, अपलोड, पिंग. रात्रीही वायरवर १९० आणि फक्त वायफाय पडतंय, तर शेजारपाजारचे सगळे टीव्ही एकाच वेळी हवेत आहेत. ५ गिगाहर्ट्झवर जा, चॅनेल बदला. वायरवरही १९० चे ६० होतायत, तर गर्दी कंपनीच्या बाजूला आहे. फायबरची एक जीपॉन लाइन डाउनलोडला सुमारे २.५ गिगाबिट आणि अपलोडला सुमारे १.२५ गिगाबिट वाहते आणि ती स्प्लिटरने ३२, ६४ किंवा त्याहून जास्त घरांत वाटली जाते. त्यापुढे स्थानिक केबलवाल्याने वरून घेतलेली बँडविड्थ किती, हा खरा प्रश्न. उपनगरांत नवी घरं पटापट जोडली जातात, वरची बँडविड्थ मात्र त्या मानाने वाढत नाही, आणि ते रात्री साडेनऊलाच उघडं पडतं.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रात्रंदिवस स्पीड पडलेला असेल तर प्लॅनची डेटा मर्यादा बघा. अनलिमिटेड म्हणवणाऱ्या अनेक प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, ती ओलांडली की स्पीड उतरतो.

वेळेचा काही नेम नाही, नेट अधूनमधून जातं, डब्यावरचा लाल एलओएस दिवा (फायबरचा सिग्नल जातोय अशी खूण) लुकलुकतो, अशी लक्षणं असतील तर ब्राउझरमधून ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर आत जाऊन ऑप्टिकल पॉवर बघा. घरी येणारा सिग्नल साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या मध्ये असायला हवा. उणे २० च्या आसपास असेल तर निर्धास्त राहा, उणे २७ च्या खाली घसरला की चुका वाढतात आणि लाइन पडते. कारण पुष्कळदा खिडकीच्या सरकत्या काचेत चेपलेली फायबरची वायर किंवा तिला दिलेला काटकोन असतो. फायबरला घडी चालत नाही, वळण ऐसपैस हवं. हिरव्या टोकाचा जोड स्वतः उघडून फडक्याने पुसू नका, आणि त्याच्या टोकात डोळा लावून तर कधीच बघू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण तो लेसर असतो.

स्पीड पूर्ण, तरी कॉल अडकतो

वायरवर १९०, वायफायवर १७०, आणि तरी मुलाचा ऑनलाइन क्लास किंवा ऑफिसचा कॉल अडकतो. इथे स्पीड बघून उपयोग नाही, भार असतानाचा पिंग बघा. एका खिडकीत राउटरच्या पत्त्यावर, बहुधा १९२.१६८.१.१, सतत पिंग लावा, दुसऱ्या खिडकीत मुंबईच्या एखाद्या सर्व्हरवर. मग एखादी मोठी फाइल अपलोडला टाका. राउटरचा पिंग १-२ वरच राहिला आणि बाहेरचा ६ वरून ३०० वर गेला, तर डब्यात अपलोडची रांग लागतेय. गंगाघाटावर पर्वणीला होते तशी: वाट पुरेशी रुंद असली तरी एकदा रांग लागली की घाईत असलेल्यालाही तीत उभं राहावं लागतं. राउटरमध्ये एसक्यूएमची, म्हणजे ही रांग आटोक्यात ठेवणारी, सोय असेल तर ती चालू करून मर्यादा मोजलेल्या स्पीडच्या ९० टक्क्यांवर ठेवा. नसेल तर फोटो बॅकअप आणि कॅमेऱ्याचं अपलोड रात्री उशिरावर ढकला. आणि वायफायवर बसून बघताना राउटरचाच पिंग २ वरून ८०-१०० वर उडत असेल, तर बाहेर बघूच नका, दोष हवेतला आहे.

तक्रार कशी टाकायची

वायरवरचे आठवड्याचे आकडे हातात असले की संभाषण बदलतं. "नेट स्लो आहे" म्हणू नका. असं सांगा: "प्लॅन २०० चा. लॅपटॉप लॅन केबलने जीई पोर्टला, लिंक १०००. सकाळी सहाला १९०, रात्री साडेनऊला ६०, मुंबईचा सर्व्हर, सात दिवसांचे स्क्रीनशॉट आहेत." समोरचा मग राउटर बंद-चालू करायला सांगत नाही. दूरसंचार नियामक ट्रायने २००६ साली ब्रॉडबँडसाठी घालून दिलेल्या मापदंडांतही घेतलेल्या स्पीडच्या ८० टक्क्यांहून जास्त मिळायला हवा असं होतं, आणि तो स्पीड कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंतचा, म्हणजे आतल्या खोलीतल्या मोबाइलवरचा नव्हे. वायरची टेस्ट घेतलेली नसेल तर कंपनी याच मुद्द्यावर हात वर करते.

डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून घ्या आणि लिहून ठेवा. तक्रार न सोडवता बंद केली तर २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि तिथे डॉकेट नंबराशिवाय कुणी ऐकत नाही. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिकडे थेट मेल पाठवून वाट बघण्यात वेळ जातो. घरी माणूस आला तर त्याला चहा द्या, वही दाखवा आणि त्याच्याच लॅपटॉपवर, तुमच्याच केबलने, रात्री साडेनऊलाच टेस्ट घ्यायला सांगा. दुपारी यायचं म्हणाला तर वेळ बदलून घ्या.